पाकिटावरचं चित्र कुणी काढलं?



आज एक छोटं काम करून बघा. स्वयंपाकघरातल्या फळीवरची पाच-सहा पाकिटं खाली काढा. घरात एखादं बालवाडीतलं मूल असेल, ज्याला अजून धड वाचता येत नाही, त्याला बोलवा आणि विचारा, "हे काय आहे?" बिस्किटाचा पुडा, मिठाची पिशवी, चहाची पुडी, ते धडाधड ओळखेल. एकही अक्षर न वाचता! आपल्याकडे याला जुना आणि नेमका शब्द आहे: छाप. घोडा छाप, मोर छाप, उंट छाप. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या गिरण्यांचं कापड आपल्या बाजारात यायचं, तेव्हा ताग्यावर देवादिकांची, हत्ती-वाघांची रंगीत लेबलं चिकटवलेली असायची. वाचता न येणारं गिऱ्हाईकही "मागच्या वेळचं हत्तीवालं द्या" म्हणून तेच कापड मागून नेई. 'ब्रँडिंग' हा शब्द आपण आता आता वापरायला लागलो, पण गोष्ट जुनीच आहे.

मुलांच्या दप्तरातच बघा ना. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला. आधी त्यांची शाई 'घोडा छाप' होती, मग उंट आला, कॅमल. कॅमल आणि इंक मिळून झालं कॅमलिन. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी भूमितीच्या तासाला त्या कंपासपेटीवरच्या उंटाकडे बघत वेळ काढलेला असणार.

हे सगळं आज लिहायचं कारण एका पालकांचा प्रश्न. मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. पालकसभेनंतर एक बाबा थांबले. त्यांचा मुलगा नववीत आहे, चित्रकला उत्तम. म्हणाले, "मॅडम, पोराला इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली. दहावीला त्याचे मार्क वाढतील ते ठीक. पण पुढं कमर्शियल आर्टला घालायचं म्हणतोय. आता मोबाईलवर एका मिनिटात लोगो बनतो, पाकीट बनतं. मग चार वर्षं फी भरून पैसे पाण्यात घालायचे का?"

त्यांना तिथल्या तिथे उत्तर द्यायचं मी टाळलं. शेती आणि एक छोटं दुकान यावर चालणारं घर आहे त्यांचं. "कलेला मरण नाही" असलं काहीतरी बोलून मोकळं होणं सोपं होतं, पण त्यांनी विचारलं होतं ते फीबद्दल. तर त्यांना जे सांगायचं आहे, तेच आज तुमच्यापुढे मांडते, कारण हा प्रश्न तुमच्याही शाळेत कुणीतरी विचारणारच आहे.

आधी आमच्या गावातली एक गोष्ट ऐका.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई महिला बचत गटात आहे. गट गोडा मसाला करतो. धणे, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, सगळं घरी भाजून, कुटून. मसाला खरंच सुंदर होतो. श्रावणात तालुक्याला प्रदर्शन होतं, त्यासाठी पाकिटावर लावायला लेबल हवं होतं. कुणाच्या तरी भाच्याने मोबाईलवर एआयला सांगून दहा मिनिटांत ते करून दिलं. एक पैसा खर्च नाही. आणि खोटं कशाला सांगू, पहिल्या नजरेत ते झकास दिसत होतं. नऊवारीतली, नथ घातलेली हसरी बाई, मागे सोनेरी उजेड, पुढे मसाल्याने भरलेली वाटी.

प्रदर्शनात गेल्यावर मात्र गंमत कळली. शेजारच्या टेबलावर पापड होते, त्यावर तीच बाई. पलीकडे लोणचं, तिथेही तीच. तीच नथ, तेच हसू, तोच सोनेरी उजेड! तीन गट, तीन वेगवेगळी गावं, आणि लांबून बघणाऱ्याला वाटावं की एकाच मालकाचं दुकान आहे. ज्या गोष्टीने आपण इतरांपासून वेगळे दिसायचं, तिनेच सगळ्यांना एका रांगेत बसवलं होतं.

एवढंच असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण त्या वाटीतला मसाला लालभडक होता. गोडा मसाला लाल असतो का हो? तो गडद तपकिरी, जवळजवळ काळसर. वाटीच्या बाजूला लाल मिरच्यांचा ढीग आणि लसणाचे तीन टपोरे गड्डे. या मसाल्यात लसूण औषधालाही नाही. एक आजी आल्या, पाकीट हातात घेतलं, चष्मा वर करून चित्र बघितलं आणि परत ठेवलं. "चातुर्मास आहे गं, लसूण चालत नाही." आई सांगत राहिली, "आजी, यात लसूण नाही," पण आजी चित्राकडे बोट दाखवून पुढे गेल्या. त्यांचं काय चुकलं? पाकीट बंद असतं. वास घेता येत नाही, चव घेता येत नाही. विश्वास ठेवायचा तो चित्रावरच ना.

आणखी पुढे ऐका. लेबलाच्या खालच्या कोपऱ्यात अन्न परवान्याचा क्रमांक होता. गटाकडे खरा क्रमांक होता, पण भाच्याने तो दिलाच नव्हता. यंत्राने जागा रिकामी दिसू नये म्हणून स्वतःच आकडे भरले होते. तो क्रमांक १४ अंकी असतो. आम्ही मोजले तर १३ भरले. बारकोडच्या नुसत्या रेघा होत्या, स्कॅन केल्यावर काहीच येत नव्हतं. शाकाहारी पदार्थाचं चिन्ह म्हणजे हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका, त्याच्या जागी एक छानसं हिरवं पान. आणि 'शेतकऱ्यांच्या बांधावरून' या ओळीतला अर्धा र मोडून ते 'शेतकर्यांच्या' झालं होतं. मराठीची शिक्षिका म्हणून मला आधी तेच दिसलं, हे कबूल.

आता विचार करा, तपासणीला कुणी आलं असतं तर जाब कुणाला विचारला असता? यंत्राला तर नाहीच. ज्या बाईचं नाव आणि पत्ता पाकिटामागे आहे, तिलाच. उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किंमत, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क, हे पाकिटावर छापणं कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे पाकीट ही एका अर्थी सही केलेली चिठ्ठी असते. त्यावर काय लिहिलंय हे सही करणाऱ्याला माहीत नको?

प्रदर्शनानंतर आमच्या कलाशिक्षकांनी ते लेबल बघितलं. सर मितभाषी आहेत. त्यांनी फक्त विचारलं, "मसाला करतात ती जागा बघायला येऊ का?" रविवारी ते नववीतल्या दोन मुलांना घेऊन गेले (त्यात प्रश्न विचारणाऱ्या बाबांचा मुलगाही होता). मीही गेले. दोन तास तिथे होतो, आणि पहिला दीड तास कुणी पेन्सिलसुद्धा काढली नाही. सर नुसते विचारत होते. कोण घेतं हा मसाला? जास्त करून पुण्या-मुंबईला गेलेल्या लेकी-सुना. एका वेळी किती नेतात? पाव किलो. दुकानात पाकीट फळीवर उभं राहतं की तारेला लटकतं? तेल सुटतं का? खोबऱ्यामुळे सुटतं, आणि कागदी लेबलावर डाग पडतो. उन्हात असतं का? दुकान पश्चिमेकडे तोंड करून, दुपारनंतर ऊन थेट फळीवर. हे ऐकून सर मुलांकडे वळले आणि म्हणाले, जुन्या दुकानांत लावलेली चित्रं निळी पडलेली बघितली आहेत ना? उन्हाने लाल आणि पिवळी शाई आधी उडते, निळी मागे राहते. म्हणजे लालवर भिस्त ठेवून चालणार नाही.

मग त्या आईने स्वतःच एक गोष्ट सांगितली. "सर, लोक मसाला हातात घेऊन रंग बघतात. काळपट दिसला की म्हणतात जळालाय का. त्यांना सांगावं लागतं, हा दगडफुलाचा रंग."

मुलांनी तिथेच परातीतलं दगडफूल उचलून बघितलं. करड्या, कुरळ्या, लेससारख्या कडा. त्या मुलाने वही काढली आणि अर्धा तास तेच एक दगडफूल काढत बसला. नवं लेबल त्यातूनच निघालं. नथवाली बाई गेली. मधोमध दगडफुलाचं रेखाचित्र, खाली पारदर्शक जागा सोडलेली, म्हणजे आतला मसाला आहे त्या रंगात दिसेल, आणि बाजूला ठळक अक्षरांत: कांदा नाही, लसूण नाही. रंगीत छापील पाऊच करायचा तर प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, तो खर्च छोट्या गटाला परवडत नाही. म्हणून साधा पाऊच, त्यावर दोन रंगांचं स्टिकर, आणि स्टिकरला तेलाचा डाग पडू नये म्हणून प्लॅस्टिकचा पातळ थर. गटाचं नाव लिहायला गटातल्या सगळ्यात वयस्कर आजींना बसवलं. त्यांची अक्षरं जुन्या वळणाची, थोडी कलती. शाळेत आपण ज्या पाकळीच्या ल चा आणि देठाच्या श चा आग्रह धरतो, ती दोन्ही आजींच्या हातात आपसूक आली. तीच स्कॅन करून घेतली.

एआय वापरलं की नाही? वापरलं. रंगांच्या दहा-बारा जोड्या लावून बघायला, आणि मागच्या बाजूच्या इंग्रजी मजकुराचा पहिला खर्डा करायला. चांगला वेळ वाचला. पण काय विचारायचं, कुठे जाऊन बघायचं आणि कशावर फुली मारायची, हे माणसांनी ठरवलं.

आता तुम्ही म्हणाल, हे गावातलं एक उदाहरण झालं. मोठ्या कंपन्यांचं काय? तिथेही मला तेच दिसतं. पार्ले-जीच्या पुड्यावरची मुलगी घ्या. दर दोन-तीन वर्षांनी व्हॉट्सअॅपवर एखाद्या वयस्कर बाईंचा फोटो फिरतो, "ह्याच त्या पार्ले-जीच्या मुली!" कंपनीने सांगितलेलं आहे की ते कुणाचंच छायाचित्र नाही, एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेतल्या मगनलाल दहियांनी १९६०च्या दशकात काढलेलं ते चित्र आहे. (अफवा कशी तपासायची हे शिकवायला हा उत्तम पाठ आहे, वर्गात जरूर घ्या.) मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. काढलेलं चित्र इतकं जिवंत, की साठ वर्षं लोक त्या मुलीचा पत्ता शोधत आहेत. एशियन पेंट्सचा डबा आणि ब्रश घेतलेला व्रात्य गट्टू १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी काढला. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ची, सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांची. ती चालू घडामोडींवर कोटी करते. अशा कोटीसाठी त्या आठवड्यात लोक कशावर हसताहेत हे लागतंच, पण कशावर हसू नये हेही कळावं लागतं. २०२३च्या जूनमध्ये डाकुन्हा गेले, तेव्हा कंपनीने त्या मुलीला रडताना दाखवलं. पाकिटावरच्या चित्रालाही घरातलं माणूस गेल्यासारखं रडू येऊ शकतं, आणि बघणाऱ्याला ते खरं वाटतं, हे मला मोठं वाटतं.

अक्षरांचंही तेच. कमल शेडगे २०२० साली गेले. मराठी नाटकांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींसाठी त्यांनी नाटकांची नावं रेखाटली. नाव वाचायच्या आधीच कळायचं की नाटक गंभीर आहे, की आज पोट धरून हसायचं आहे. आणि ऑनलाइन माहिती भरताना आपण ज्या 'मंगल' फाँटमध्ये टंकन करतो, त्याचा आराखडा र. कृ. जोशींचा. ते आधी जाहिरात क्षेत्रात होते, मग आयआयटी मुंबईत शिकवत. फाँटमधलं प्रत्येक जोडाक्षर कुठेतरी कुणीतरी बसून जुळवलेलं असतं. म्हणून तर यंत्राने 'ऱ्य' मोडला की खटकतं.

माणूस चुकत नाही असं मात्र नाही हं. २००९ साली अमेरिकेत ट्रॉपिकाना कंपनीने आपल्या संत्र्याच्या रसाचा खोका बदलला. स्ट्रॉ खोचलेलं संत्रं गेलं, नुसता रसाचा ग्लास आला. नामवंत डिझायनरचं काम होतं. लोकांना खोका ओळखूच येईना. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्के घसरली आणि कंपनीने जुना खोका परत आणला. पण चूक कुणाची, कशी झाली, हे शोधता आलं, आणि उत्तर द्यायला माणूस उभा होता.

उलट बाजूचंही उदाहरण देते. २०१७ साली इटलीत न्यूटेलाने संगणकाच्या एका प्रणालीकडून ७० लाख बरण्यांवर ७० लाख वेगवेगळी नक्षी काढून घेतली. एकीसारखी दुसरी नाही, आणि सगळ्या खपल्या. यंत्राने हे काम करावंच. माणसाला ते जन्मात जमलं नसतं. पण बघा, बरणीवरचं नावाचं अक्षर मात्र सगळ्यांवर तेच ठेवलं होतं. ते बदललं असतं तर गिऱ्हाईक कशाच्या आधाराने ओळखणार? आणि २०२४ साली कोका-कोलाने नाताळची आपली जुनी, लोकांच्या आवडीची जाहिरात एआयकडून नव्याने करून घेतली, तेव्हा पुष्कळ लोकांनी तिला निर्जीव म्हणून नावं ठेवली. पैशाची कमतरता असलेली कंपनी थोडीच आहे ती! सणाच्या दिवशी आपल्यासाठी कुणीतरी कष्ट घेतले असावेत, एवढीच लोकांची अपेक्षा असते.

आता त्या बाबांना काय सांगू?

पहिली गोष्ट, त्यांची भीती खोटी नाही. गावात फ्लेक्स आला तेव्हा बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांचं काय झालं, हे त्यांनी आणि मी डोळ्यांनी पाहिलंय. एका रात्रीत स्वस्त, मोठं, रंगीत मिळायला लागलं आणि ब्रशवाले हात रिकामे झाले. तसंच वाढदिवसाचे बॅनर, दोनशे रुपयांचे लोगो, झटपट लेबलं ही कामं आता माणसाकडे फारशी राहणार नाहीत. नुसता हात चांगला आहे, सफाईदार चित्र काढतो, एवढ्यावर मुलाला या क्षेत्रात घालू नका. हे मी कलाशिक्षकांसमोरही म्हटलं आणि त्यांनी मान डोलावली.

दुसरी गोष्ट, मुलगा चित्र काढायच्या आधी काय करतो ते बघा. दुकानात गेल्यावर पाकीट उलटंपालटं करतो का? हे असं का, ते तसं का, विचारतो का? आजीला पाकीट उघडताना दात लावावे लागतात, हे त्याला दिसतं का? कुणी "मला हे आवडलं नाही" म्हटलं तर रुसतो की "का नाही" विचारतो? तुमचा मुलगा त्या रविवारी अर्धा तास दगडफूल बघत होता. बघून झाल्यावर त्याने त्या काकूंना विचारलं, "हे झाडाला येतं की दगडावर?" मी तुमच्या जागी असते तर फी भरली असती.

आणि शिक्षक मित्रांनो, यासाठी वेगळा तास लागत नाही. आनंद मेळाव्यात मुलं भेळ, सरबत विकतातच. या वेळी त्यांना लेबल करायला लावा, पण आधी विकत घेणाऱ्या पाच जणांशी बोलून यायची अट घाला. वर्गात रिकामी पाकिटं आणून नावावर कागद चिकटवा आणि ओळखायला सांगा. मग विचारा, कशावरून ओळखलं? मोबाईलवर एआयचं लेबल काढायलाही हरकत नाही. ते फळ्यावर लावा आणि मुलांना लाल पेन द्या. आमच्या नववी 'ब'ने एका लेबलात ११ चुका काढल्या, त्यातल्या दोन मलाही दिसल्या नव्हत्या.

मसाल्याचं नवं स्टिकर आता छपाईला जायचं आहे. दिवाळीच्या प्रदर्शनासाठी पहिली ५०० काढायची ठरली आहेत. प्रेसकडून आलेलं प्रूफ सध्या आमच्या स्टाफरूममध्ये आहे आणि मुलं मधल्या सुट्टीत ते तपासताहेत. काल त्या गटातल्या बाईंच्या मुलीने घटकपदार्थांच्या यादीवर बोट ठेवलं. "मॅडम, यात तीळ राहिलेत. आई तीळ घालते." प्रूफ परत पाठवलंय.